मार्च ते मे: आठवड्याचा हवामान अंदाज वाचायचा कसा?

फाल्गुन सरत आला की महाराष्ट्रात एकाच आठवड्यात सगळं चालू असतं. अकोला-चंद्रपूरकडे पारा चाळिशी गाठतो, मुंबईत सकाळी नऊ वाजताच शर्ट पाठीला चिकटतो, आणि तिकडे लातूर-बीडच्या एखाद्या तालुक्यात गारांचा खच पडल्याची बातमी येते. अशा वेळी प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो: 'येत्या आठवड्यात पाऊस आहे का?' नुकतीच वडिलोपार्जित शेती हातात घेतलेला असो, बदली होऊन नव्या जिल्ह्यात आलेला असो की पहिल्यांदाच गच्चीत कुरडया घालणारी सूनबाई असो, सगळ्यांना हो किंवा नाही असं उत्तर हवं असतं.

हवामान खातं तसं उत्तर देत नाही आणि या हंगामात कुणालाच ते देता येत नाही. खातं सांगतं ते वेगळं: कोणत्या पट्ट्यात, साधारण किती ठिकाणी, कोणत्या दिवशी, किती जोराचं. त्यातून आपलं उत्तर आपण काढायचं असतं. जमायला फार अवघड नाही, मात्र क्रम पाळावा लागतो. बहुतेक जण अंदाज आधी वाचतात आणि मग काय करायचं याचा विचार करतात. मी म्हणेन, उलटं करा.

पायरी १: आधी स्वतःची यादी

अंदाज उघडण्याआधी एका कागदावर लिहा, की या आठवड्यात तुमचं उघड्यावर काय आहे किंवा काय असणार आहे. काढलेला कांदा, कापून पडलेला गहू, शिजवून वाळत घातलेली हळद, शेडमधला बेदाणा, झाडावरचा आंबा, मांडव, स्लॅबचं काम, गच्चीतले पापड, दुपारी बाहेर राबणारी माणसं, गोठ्याबाहेर बांधलेली जनावरं.

प्रत्येकापुढे दोन गोष्टी लिहा: ते कशानं बिघडेल आणि ते सुरक्षित करायला किती वेळ लागेल. मांडवाला पावसापेक्षा वाऱ्याचं भय जास्त असतं. चार शिंतोडे पडले तर पाहुणे खुर्च्या सरकवतात, पण ताशी ५० किलोमीटरचा झोत आला तर कापडासकट बांबू उचलले जातात. हळदीला हलका पाऊसही नको. गव्हाची कापणी झालेली असेल तर मळणीयंत्र कधी मिळणार यावर सगळं अवलंबून. पापड उचलायला दहा मिनिटं पुरतात, एकरभर कांदा गोळा करून झाकायला मजुरांसह अख्खा दिवस जातो.

ही यादी हातात असली की अंदाजातल्या दहा ओळींपैकी आपल्या कामाच्या दोनच उरतात.

पायरी २: आपण कोणत्या विभागात आहोत?

भारतीय हवामान विभागाने देशाचे ३६ उपविभाग केले आहेत, त्यातले चार आपल्याकडचे: कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. नवख्याची पहिली फसगत इथेच होते, कारण खात्याचा 'मध्य महाराष्ट्र' आपल्या बोलण्यातल्या पश्चिम महाराष्ट्रापेक्षा बराच मोठा आहे. नंदुरबार, धुळे, जळगाव आणि नाशिक त्यात येतात, तसे अहिल्यानगर, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर आणि सोलापूरही येतात. म्हणजे 'मध्य महाराष्ट्रात तुरळक पाऊस' ही बातमी तापी खोऱ्यातल्या केळीवाल्याला लागू आहे आणि पन्हाळ्याच्या ऊसवाल्यालाही. त्यामुळे टीव्हीवर विभागाचं नाव ऐकून थांबू नका, जिल्हानिहाय तक्ता उघडा.

विदर्भाचा अंदाज नागपूरचं प्रादेशिक हवामान केंद्र देतं. कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र आणि मराठवाडा मुंबईच्या कुलाबा केंद्राकडे. दोन्ही केंद्रांच्या संकेतस्थळांवर पुढच्या पाच दिवसांचे जिल्हानिहाय इशारे असतात. मोबाइलवर पाहायचं तर 'मौसम' हे खात्याचं सर्वसाधारण अॅप आणि 'मेघदूत' हे शेतीचं. मेघदूतमध्ये जिल्हा निवडला की पिकानुसार सल्लाही मराठीत मिळतो. हा कृषी सल्ला आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, आणि तो लिहिण्यात राहुरी, परभणी, अकोला, दापोली इथल्या कृषी विद्यापीठांची माणसं असतात. बुधवारी काढणीचं ठरवायचं असेल तर मंगळवारी संध्याकाळी तो वाचा.

एका जिल्ह्याच्या आतही फरक असतो, हे सातारकरांना सांगायला नको. महाबळेश्वर आणि माण-खटाव एकाच रंगात रंगवलेले दिसतील. पुणे, सातारा, कोल्हापूर, नाशिक या जिल्ह्यांचा घाटमाथा खातं अनेकदा वेगळा दाखवतं, पण हे जास्त करून पावसाळ्यात उपयोगी पडतं.

पायरी ३: एक वाक्य सोडवून पाहू

या दिवसांत बुलेटिनमध्ये साधारण असं वाक्य असतं: 'तुरळक ठिकाणी मेघगर्जना, विजांचा कडकडाट आणि वादळी वाऱ्यासह (ताशी ३० ते ४० किमी) हलका ते मध्यम पाऊस पडण्याची शक्यता.' घाईत वाचलं तर 'पाऊस आहे' एवढंच डोक्यात राहतं. पण यातला प्रत्येक शब्द मोजून टाकलेला असतो.

'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी एक चतुर्थांश किंवा त्याहून कमी केंद्रांवर. 'काही ठिकाणी' म्हणजे २६ ते ५० टक्के, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे ५१ ते ७५ आणि 'बहुतांश ठिकाणी' म्हणजे त्याच्याही वर. आता विचार करा. 'तुरळक'चा अंदाज दिला, चारपैकी एका केंद्रावर पाऊस झाला आणि तुमच्यासह तीन कोरडी राहिली, तर अंदाज चुकला का? नाही, तो तंतोतंत बरोबर आला. पारावर बसून 'यांचं काही खरं नसतं' म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांची तक्रार या एका शब्दापाशी मिटेल.

'हलका' म्हणजे २४ तासांत २.५ ते १५.५ मिलिमीटर. 'मध्यम' १५.६ ते ६४.४. 'जोरदार' किंवा 'मुसळधार' हे शब्द आले तर ६४.५ मिलिमीटरपासून पुढे, आणि ते चैत्र-वैशाखात क्वचितच दिसतात. एक मिलिमीटर म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी, एवढं लक्षात ठेवलं तर अंदाज येतो: १० मिलिमीटरच्या सरीत दहा बाय दहा मीटरच्या गच्चीवर हजार लिटर पडतं. 'हलका' हा शब्द कानाला हलका लागतो, उघड्यावरच्या कांद्याला लागत नाही.

शिवाय हा आकडा २४ तासांचा. पावसाळ्यात २० मिलिमीटर दिवसभर झिमझिमत पडतो, वळवात तोच अर्ध्या तासात कोसळून मोकळा होतो. आकडा सारखा, नुकसान वेगळं.

कंसातला वारा नवखे वाचतच नाहीत. ३० ते ४०, ४० ते ५०, ५० ते ६० अशा टप्प्यांत तो दिलेला असतो. पहिल्या टप्प्यात सुटी ताडपत्री उडते. दुसऱ्यात केळी आडवी होऊ लागते, मांडवाचं कापड फाटतं, पत्रे खडखडतात. तिसरा टप्पा दिसला तर शेडनेट, पॉलिहाउस आणि जाहिरातीच्या फलकाखाली लावलेली गाडी, तिन्हीची आठवण ठेवा.

आणि 'शक्यता'. खात्याच्या सविस्तर बुलेटिनमध्ये तिलाही पायऱ्या असतात: साधी शक्यता म्हणजे २५ ते ५० टक्के, जास्त शक्यता म्हणजे ५० ते ७५ आणि त्यापुढे जवळपास खात्री. मराठी बातमीत येईपर्यंत या पायऱ्या पुसल्या जातात, म्हणून एकदा मूळ बुलेटिन पाहायची सवय बरी.

पायरी ४: रंग

हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. रंग ठरवताना घटना घडण्याची शक्यता आणि तिचा परिणाम या दोन्हींचा विचार होतो.

पिवळ्या रंगाला लोक भीक घालत नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये जिल्हे सतत पिवळे दिसतात, त्यामुळे नजर मरते. माझा नियम साधा आहे: रंगावर बोट ठेवून त्याखालचं कारण वाचा. 'उष्ण व दमट हवामान' म्हणून पिवळा असेल तर मजुरांची वेळ बदला. 'मेघगर्जनेसह वादळी वारा' म्हणून पिवळा असेल तर ताडपत्री बाहेर काढून ठेवा. आणि 'गारपीट' हा शब्द असेल तर रंगाकडे न बघता नारिंगी समजून चला, कारण गारेपुढे पिवळ्या-नारिंगीत फारसा फरक राहत नाही.

पायरी ५: गारा कधी, वळीव कधी?

इथे थोडं कारण समजून घ्यायला हवं, म्हणजे बुलेटिनमधली खालची बारीक अक्षरंही उपयोगी पडतात.

मार्चपासून जमीन तापते. दख्खनच्या पठारावर विदर्भापासून मराठवाडा, कर्नाटकातून खाली केरळ-तमिळनाडूपर्यंत हवेच्या कमी दाबाची एक लांब घडी तयार होते. बुलेटिनमध्ये तिला 'कमी दाबाचा पट्टा' किंवा 'वाऱ्यांची खंडितता' म्हणतात. तिच्या पूर्वेला बंगालच्या उपसागरावरून दमट वारे येतात, पश्चिमेला कोरडे. हे दोन वारे जिथे भिडतात तिथे दुपारनंतर ढग उभे राहतात. हा आपला वळीव. संध्याकाळी येतो, धिंगाणा घालतो आणि रात्री आठ-नऊला चांदणं पडतं.

गारांसाठी आणखी एक गोष्ट लागते: वर थंड हवा. हिवाळ्यात उत्तर भारतात पाऊस-बर्फ आणणारे पश्चिमी झंझावात मार्चपर्यंत सरकत असतात, आणि त्यांची शेपटी कधीकधी मध्य भारतापर्यंत येते. वर गार हवा, खाली तापलेली जमीन आणि मधे उपसागराची वाफ, असं जुळलं की ढगात पाणी गोठण्याची पातळी खाली येते आणि गारा जमिनीवर पोचेपर्यंत विरघळत नाहीत. म्हणून फेब्रुवारी-मार्चच्या वादळात गारांची धास्ती मेपेक्षा जास्त. २०१४ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ, सोलापूर, नाशिक अशा मोठ्या पट्ट्यावर जी गारपीट झाली, ती अनेकांना अजून आठवते. रब्बी हाताशी आलेली होती आणि वादळ एका दिवसात संपलं नाही, पुन्हापुन्हा आलं.

तेव्हा बुलेटिनच्या सुरुवातीच्या 'हवामान स्थिती'त हे दोन शब्द शोधा: पश्चिमी झंझावात आणि बंगालच्या उपसागरावरून येणारं बाष्प. दोन्ही एकाच आठवड्यात दिसले तर आकाश निळंशार असलं तरी काढणीची घाई करा.

पायरी ६: आठवड्याचे तीन तुकडे

सातही दिवसांवर सारखा भरवसा ठेवू नका. आज आणि उद्या: यावर कृती करायची. तिसरा ते पाचवा दिवस: यावर तयारी करायची, म्हणजे मजूर सांगून ठेवायचे, ताडपत्री मोजायची, गाडी ठरवायची, पण पैसा अडकवायचा नाही. सहावा-सातवा: फक्त कल किती आहे ते बघायचं. सातव्या दिवशी 'दुपारी ४ वाजता ३ मिमी' असं सांगणारं अॅप असेल तर त्यातला '४ वाजता' सोडून द्या.

असं का, तर वादळी ढगाचा एक पुंजका जेमतेम काही किलोमीटरचा असतो आणि तास-दोन तासांत विरतो. संगणकाची मॉडेल पृथ्वीचे चौकोन पाडून गणित करतात. आपल्याकडे मे २०२५ मध्ये सुरू झालेल्या 'भारत फोरकास्ट सिस्टीम'मध्ये हा चौकोन ६ किलोमीटरचा आहे, त्याआधी १२ किलोमीटरचा होता. जाळी बारीक झाली हे चांगलंच, तरी चैत्रातला ढग खालच्या आळीवर पडेल की वरच्या, हे चार दिवस आधी त्यातून निघत नाही. अनुकूल हवा तयार होणार आहे एवढं मात्र चार-पाच दिवस आधी बऱ्यापैकी कळतं, आणि तेच आपल्याला हवं असतं.

अंदाज रोज नव्याने निघतो. रविवारी शुक्रवारचा पाऊस पाहून ठेवला आणि गुरुवारी पुन्हा पाहिलाच नाही, असं करू नका. रोज दुपारी एकदा बघा आणि बदल कोणत्या दिशेने होतोय ते पाहा. शुक्रवारचा इशारा तीन दिवस टिकून राहिला किंवा वाढत गेला तर धरून चाला. रोज उडी मारत असेल तर गणितालाच खात्री नाही, असं समजा. 'विंडी'सारख्या अॅपवर युरोपीय आणि अमेरिकी मॉडेल शेजारी शेजारी पाहता येतात. दोन्ही एकाच दिवशी पाऊस दाखवत असतील तर वजन द्यायचं, नाहीतर खात्याच्या बुलेटिनकडे परत यायचं.

कांद्याच्या शेतात हे कसं दिसतं

निफाड-लासलगावच्या बाजूचा उन्हाळ कांदा घेऊ. निम्म्या कांद्यांच्या माना मोडल्या, म्हणजे पात मानेपाशी वाकून आडवी पडली, की काढणीची वेळ झाली. कांदा उपटल्यावर तो पातीसकट शेतातच तीन ते पाच दिवस सुकवतात, एका ओळीच्या कांद्यावर पुढच्या ओळीची पात येईल असा पसरून, म्हणजे ऊन थेट कांद्याला लागत नाही. मग मान तीन-चार सेंटिमीटर ठेवून पात कापायची, सावलीत ढीग करून आणखी दहा-पंधरा दिवस ठेवायचं आणि नंतर चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या शेडमध्ये, भरायचं.

आता खात्याच्या जिल्हा इशाऱ्याचे दिवस मोजा: पाच. शेतात सुकवायचे दिवस: तीन ते पाच. हे दोन आकडे जुळतात, आणि नवख्या कांदावाल्यानं याचाच फायदा घ्यायचा. काढणी सुरू करायच्या आदल्या दुपारी पाचही दिवस तपासा. पाचही हिरवे असतील तर मोठं क्षेत्र एकदम उपटा. चौथ्या-पाचव्या दिवशी पिवळा असेल तर दोन दिवसांत कापून सावलीत नेता येईल एवढंच उपटा, बाकी जमिनीत राहू द्या. जमिनीतला कांदा एका सरीनं लगेच सडत नाही, उपटलेला मात्र भिजला तर चाळीत गेल्यावर त्रास देतो, आणि तो त्रास जूनमध्ये वास सुटल्यावर कळतो.

पहिल्या-दुसऱ्या दिवशी इशारा असेल तर काढणीच पुढे ढकला. मजूर ठरलेत, गाडी सांगितली आहे, भाव आज बरा आहे, ही सगळी कारणं खरी असतात आणि सगळी ओल्या कांद्यापुढे फिकी पडतात. एवढं करून पाऊस आलाच नाही, तर दोन दिवस गेले. तेवढा खर्च धरूनच चालायचं.

तासगावच्या बेदाण्याचं गणित वेगळं. रॅकवर सुकायला बारा-पंधरा दिवस लागतात, त्यामुळे पाच दिवसांचा इशारा अपुरा पडतो. इथे खात्याचा दर गुरुवारी निघणारा विस्तारित अंदाज कामाचा. त्यात पुढच्या आठवड्यांचा पाऊस सरासरीपेक्षा जास्त की कमी एवढाच कल असतो, तारीख नसते. बेदाण्याला तेवढाही पुरतो, कारण नुसती दमट हवा आणि ढगाळ दिवसही रंग काळपट करतात. बाजूच्या ताडपत्र्या सोडायच्या की गुंडाळायच्या, हे रोजच्या आर्द्रतेवर ठरवा.

कोकणात आंबा-काजूवाल्यांना उलटी काळजी: पाऊस आला तर करपा आणि फळमाशी, न आला आणि पारा चढला तर फळ भाजणं आणि गळ. त्यासाठी दापोलीच्या विद्यापीठाचा सल्ला वाचा. फवारणीचं औषध आणि प्रमाण शेजाऱ्याला विचारून ठरवू नका.

पायरी ७: उन्हाचा अंदाज

'पारा ४१' ही बातमी आणि 'उष्णतेची लाट' हा इशारा, या दोन वेगळ्या गोष्टी. सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान ४०, किनाऱ्यावर किमान ३७ आणि डोंगराळ भागात किमान ३० अंश असेल, आणि ते त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी तरी जास्त असेल, तर लाट धरतात. ६.४ अंशांहून जास्त फरक असेल तर तीव्र लाट. सपाटीवर ४५ अंशांना पारा पोचला तर सरासरी न पाहताही लाट, ४७ ला तीव्र. त्यातही हे उपविभागातल्या दोन केंद्रांवर दोन दिवस टिकायला लागतं.

म्हणूनच मे महिन्यात चंद्रपूरला ४३ असूनही 'लाट' नसते आणि मार्चमध्ये ठाण्याला ३९ वर इशारा येतो. चंद्रपूरकराचं शरीर, घर आणि दिनक्रम त्या उन्हाला सरावलेले असतात. विदर्भात नव्याने बदली झालेल्या पुण्या-मुंबईच्या माणसाचे नसतात, म्हणून त्यानं इशारा नसतानाही पहिले पंधरा दिवस लाट समजूनच वागावं.

मुंबई आणि किनारपट्टीचं एक खास प्रकरण आहे. मार्चमध्ये सकाळी जमिनीकडून पूर्वेचे मतलई वारे वाहतात, कोरडे आणि तापलेले. दुपारच्या सुमारास समुद्रावरून खारे वारे सुरू झाले की पारा अडतो. ते यायला दोन-तीन तास उशीर झाला की तेवढ्यात तापमान झपाट्यानं वर जातं. सांताक्रूझ केंद्राचा मार्चमधला विक्रम ४१.७ अंशांचा आहे, २८ मार्च १९५६ चा, आणि मुंबईच्या मार्चमधल्या चटक्यांमागे बहुतेकदा हेच पूर्वेचे वारे असतात. तेव्हा मुंबईकरानं अंदाजात तापमानाआधी वाऱ्याची दिशा पाहावी. 'पूर्वेकडून वारे' लिहिलं असेल तर दुपारची कामं सकाळी उरका.

खात्याचं तापमान झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, सावलीत मोजलेलं असतं. पत्र्याच्या शेडखाली, डांबरी रस्त्यावर, ट्रॅक्टरच्या सीटवर त्यापेक्षा कितीतरी जास्त असतं. मजुरांची वेळ ठरवताना हे धरा: लाटेच्या दिवसांत पहाटे सहा ते अकरा आणि संध्याकाळी चारनंतर. ताक, पन्हं, कोकम सरबत, मीठ-साखरेचं पाणी हे तहान लागण्याआधीच चालू ठेवायचं. माणूस बरळायला लागला, घाम थांबला किंवा अंग भट्टीसारखं तापलं तर सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतत वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

रात्रीचं किमान तापमानही वाचा. 'उष्ण रात्री'चा इशारा असेल तर शरीराला रात्रीही विसावा मिळत नाही, आणि दुसऱ्या दिवशीचं ३९ आदल्या दिवसाच्या ४१ पेक्षा जड जातं. वयस्कर माणसं घरात असतील तर हा आकडा कमाल तापमानाइतकाच महत्त्वाचा.

पायरी ८: इशाऱ्याचा दिवस उजाडला

आता आठवड्याचा अंदाज बाजूला ठेवा. त्याचं काम झालं. आज तीन गोष्टी बघायच्या: आकाश, रडार आणि तातडीचा इशारा.

सकाळी हवा कुंद आणि चिकट असेल, वारा पडलेला असेल, तर वाफ आलेली आहे. अकरा-बाराच्या सुमारास कापसाच्या गंजीसारखे ढग दिसू लागतात. ते बसके राहिले तर चिंता नाही. उंच चढू लागले, तळ काळा झाला आणि माथा ऐरणीसारखा आडवा पसरला, की तो वादळी ढग. मग अचानक गार वाऱ्याचा झोत येतो, धुरळा उडतो, मातीचा वास येतो. हा झोत ढगातून खाली कोसळलेल्या हवेचा असतो, त्यामुळे हातात फार वेळ नसतो. ज्याला ताडपत्री घालायची आहे त्यानं ढगाचा माथा पसरायला लागला तेव्हाच निघायला हवं होतं.

मुंबई, नागपूर, गोवा इथल्या डॉप्लर रडारची चित्रं खात्याच्या संकेतस्थळावर थोड्या-थोड्या वेळानं बदलतात. एकच चित्र पाहून काही कळत नाही. मागची तीन-चार ओळीनं पाहा, ठिपके कोणत्या दिशेला आणि किती वेगानं सरकतात ते लक्षात येतं. पुढच्या तीन तासांचा तातडीचा इशारा जिल्ह्यानुसार निघतो. वादळी दुपारी आठवड्याच्या अंदाजापेक्षा त्यालाच मान द्या.

विजेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' अॅप आहे. आसपास वीज पडत असेल तर ते कळवतं. मोबाइलला रेंज नसेल तर सेकंद मोजा: वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर पक्क्या घरात किंवा बंद गाडीत शिरा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. झाड म्हणजे आडोसा नव्हे. बांधावरच्या एकट्या आंब्याखाली थांबणं, बाजूंनी उघड्या पत्र्याच्या शेडमध्ये उभं राहणं, उघड्या ट्रॅक्टरवर बसून घर गाठायचा प्रयत्न करणं, विहिरीची मोटर बंद करायला धावणं, या चारही गोष्टी दरवर्षी जीव घेतात. जनावरं झाडाखाली बांधू नका. दावं सोडायला मधेच जाऊ नका, ढग दिसताच आधी ते काम करा.

नुकसान झालंच तर आवरासावर करण्याआधी तारीख-वेळ उमटेल असे फोटो काढा आणि गावच्या तलाठी-कृषी कार्यालयात त्याच दिवशी कळवा. पंचनाम्याच्या वेळी साफ केलेलं शेत पाहून कुणालाच काही लिहिता येत नाही.

फॉरवर्ड आलेले अंदाज

'येत्या ४८ तासांत महाराष्ट्रावर महासंकट' असा मजकूर दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येतोच. तारीख नसेल तर पुढे पाठवू नका. गारांचे व्हिडिओ तर वर्षानुवर्षं फिरतात, कधी दुसऱ्या राज्यातले, कधी दुसऱ्या देशातले. खाजगी अभ्यासकांपैकी काही जण मनापासून आणि चांगलं काम करतात. त्यांना पारखायचं तर ते 'तुरळक', 'शक्यता' असे शब्द वापरतात का आणि अंदाज बदलला तर तसं सांगतात का, एवढं पाहा. तालुक्याचं नाव घेऊन आठ दिवसांनंतरची वेळ सांगणाऱ्याला नमस्कार करा.

पायरी ९: एक वही

दोन रकाने पुरेत. डावीकडे तुमच्या जिल्ह्याचा इशारा, तो किती दिवस आधी दिला होता त्यासह. उजवीकडे तुमच्या शिवारात झालं ते: वारा, सर, गारा, काहीच नाही. पाऊस मोजायला सरळ भिंतीचं कोणतंही पसरट तोंडाचं भांडं मोकळ्या जागी, झाड-भिंतीपासून दूर ठेवा आणि पट्टीनं पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये घ्या. मोजायची वेळ सकाळी साडेआठ, कारण खातंही तेव्हाच मोजतं. त्यामुळे २० तारखेच्या संध्याकाळचा पाऊस २१ च्या आकड्यात दिसतो. पेपरातला आकडा आणि तुमची आठवण एक दिवसानं चुकते ती यामुळे.

जवळचं अधिकृत केंद्र कुठे आहे तेही एकदा शोधा. राज्यात 'महावेध' प्रकल्पाची दोन हजारांवर स्वयंचलित केंद्रं महसूल मंडळ पातळीवर आहेत. तुमच्या मंडळाचं केंद्र तुमच्या शेतापासून पाच किलोमीटरवर आणि ओढ्यापलीकडे असेल, तर त्याचा आकडा आणि तुमच्या भांड्यातलं पाणी वळवाच्या दिवसांत जुळणार नाही, दोन्ही लिहा.

वही मे अखेरीपर्यंत चालवा. जूनमध्ये मोसमी वारे आले की 'तुरळक'च्या जागी 'बहुतांश ठिकाणी' येऊ लागतं, संध्याकाळची वेळ मोडते, घाटमाथ्याचे इशारे वेगळे निघतात. तिथून नवं पान.